वतन, वाडा आणि वंशावळ : वाकड–चिंचवड परिसरातील कुलशोधाची साधने व मर्यादा

सारांश

जमिनीशी व वतनाशी निगडित असलेल्या घराण्यांचा पूर्वेतिहास शोधण्यासाठी महाराष्ट्रात विपुल लिखित साधने उपलब्ध आहेत. ही साधने मुख्यतः महसूल व हक्क यांच्या नोंदीसाठी निर्माण झाली असल्याने त्यांत काही माणसे ठळकपणे दिसतात, तर काही पूर्णपणे गाळली जातात. प्रस्तुत लेखात वाकड व चिंचवड परिसराच्या संदर्भात या साधनांचे स्वरूप, ती वाचण्याची पद्धत आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. तुलनेसाठी आयर्लंडमधील जमीनदारी दप्तरांवर आधारलेल्या कुलशोधाचा दाखला घेतला आहे.

बीजशब्द : वंशावळ, वतन, इनाम, भावकी, फेरफार, मोडी, थळझाडा.

प्रास्ताविक

मुळा नदीच्या उत्तर तीरावरील वाकड हे मूळचे शेतकरी गाव. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यानंतर गावाचे रूप झपाट्याने पालटले आणि शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. मात्र कस्पटे वस्ती, विनोदे वस्ती, भूमकर चौक ही नावे आजही टिकून आहेत. गावठाण सोडून आपल्या शेतावर राहावयास गेलेल्या भावकीच्या नावाने वस्ती ओळखली जाण्याची रीत या भागात जुनी आहे. ज्या भूमीवर आता नांगर चालत नाही, त्या भूमीवर कुळांची नावे अशा प्रकारे कोरलेली राहिली आहेत.

जमिनीचे मोल वाढले तशी वंशावळीची गरजही वाढली. एकेकाळी लग्नसंबंध जुळविताना किंवा कुलधर्माच्या प्रसंगी आठवली जाणारी पिढ्यांची माळ आता वारसनोंद, वाटणी, भूसंपादनाचा मोबदला आणि जातीचा दाखला यांसाठी कागदावर सिद्ध करावी लागते. २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमल्यानंतर जुन्या दप्तरांकडे आणि मोडी जाणणाऱ्यांकडे सामान्य माणसाचे लक्ष वळले. अशा वेळी वंशावळ कोणत्या कागदांवरून तयार होते, त्या कागदांत काय सापडते आणि काय सापडत नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

१. आयर्लंडचा दाखला

जमिनीच्या कागदांवरून कुळाचा शोध घेण्याची परंपरा जगात अन्यत्रही आहे. त्यांपैकी आयर्लंडचे उदाहरण विशेष बोलके आहे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात व त्यानंतर लक्षावधी आयरिश माणसे देशोधडीला लागली. त्यांचे वंशज आज अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथून आपल्या पूर्वजांचे गाव शोधत असतात. परंतु ३० जून १९२२ रोजी डब्लिन येथील फोर कोर्ट्स या इमारतीत झालेल्या स्फोटात व आगीत सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेचे बहुतांश मूळ कागद व अनेक चर्चमधील जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या त्यात नष्ट झाल्या.

या हानीमुळे आयरिश कुलशोधकाला जमिनीच्या कागदांकडे वळावे लागले. १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या ‘ग्रिफिथ मूल्यांकना’त प्रत्येक जमिनीचा कब्जेदार व त्याचा जमीनदार यांची नावे नोंदलेली आहेत. त्याच्या जोडीला जमीनदारी वाड्यांतील खंडाच्या वह्या आहेत. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउन वाड्यातील दप्तर हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या इस्टेटीचा मालक डेनिस महॉन याने १८४७ मध्ये सुमारे १,४९० कुळांना जहाजाने कॅनडाकडे धाडले. त्याच वर्षी त्याचा खून झाला. त्या वाड्यातील कागद वाचले आणि १९९४ मध्ये तेथे दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. ज्यांनी कुळांना घराबाहेर काढले, त्यांच्याच हिशेबवह्यांत त्या कुळांची नावे शिल्लक राहिली, हा इतिहासाचा विरोधाभास आहे.

महाराष्ट्राची स्थिती याच्या उलट आहे. येथे मध्यवर्ती दप्तर जळाले नाही. पुण्याच्या अभिलेखागारातील पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आजही सुरक्षित आहेत. हरवली ती लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून हद्दपार झाली आणि पणजोबांची सही नातवंडांना वाचता येईनाशी झाली. म्हणून आयर्लंडमध्ये प्रश्न कागद मिळण्याचा आहे, तर येथे तो मुख्यत्वे कागद वाचता येण्याचा आहे.

२. वतन व भावकी : वंशावळ का लिहिली गेली?

मराठी मुलखात वंशावळ केवळ कुलाभिमानापोटी लिहिली जात नव्हती. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसारखी वतने वंशपरंपरागत होती. वतनाबरोबर जमीन, मानपान आणि उत्पन्नातील हक्क येत. वतन एका व्यक्तीचे नसून भाऊबंदांचे असे. त्यामुळे कोण कोणाचा पुत्र, कोणती शाखा वडील, कोणाकडे किती तक्षीम, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वादाचे विषय झाले. वाद गोतसभेपुढे किंवा सरकारात गेला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला ‘करीना’ सादर करीत. करीना म्हणजे आपल्या हक्काची पूर्वपीठिका सांगणारे निवेदन. त्यात मूळ पुरुषापासूनची वंशपरंपरा येई. निकाल लागला की महजर किंवा निवाडपत्र होई. आज हाती येणाऱ्या जुन्या वंशावळींचा मोठा भाग अशा तंट्यांतून जन्मला आहे. साहजिकच करीन्यातील वंशावळ ही एका पक्षाची बाजू असते, हे वाचकाने विसरता कामा नये.

गावाच्या जमिनीची रचनाही कुळांच्या स्मृतीवर उभी होती. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या भूधारणपद्धतीवर लिहिताना ‘थळ’ व ‘जथा’ यांचे वर्णन केले आहे. गावची जमीन मूळच्या कुळांच्या नावाने थळांत विभागलेली असे आणि थळझाड्यात तिची नोंद असे. एखादे कुळ निपुत्रिक होऊन वा परागंदा होऊन नाहीसे झाले, तरी त्याच्या थळाचे नाव बदलत नसे. ती जमीन ‘गतकुळी’ म्हणून नोंदली जाई. माणसे गेली तरी जमिनीने त्यांचे नाव जपावे, अशी ही व्यवस्था होती.

मात्र हे जपणे मिरासदारांपुरते मर्यादित होते. उपरी म्हणून कसणारे शेतकरी वंशपरंपरागत हक्काचे धनी नसल्याने त्यांच्या पिढ्या नोंदविण्याचे दप्तराला कारण नव्हते. आयर्लंडच्या मूल्यांकनात साधा कब्जेदारही नावानिशी येतो. मराठी दप्तरात मिरास वा वतन नसलेला माणूस बहुधा एखाद्या वर्षाच्या वसुलीत डोकावतो आणि पुन्हा नाहीसा होतो.

३. चिंचवडचे देव घराणे : एक अभ्यसनीय उदाहरण

इस्टेट आणि वंशावळ यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असू शकतो, हे वाकडपासून जवळच असलेल्या चिंचवड येथील देव घराण्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. मोरया गोसावी हे या परंपरेचे मूळ पुरुष. पवनेच्या काठी असलेल्या त्यांच्या समाधिमंदिराचे बांधकाम शके १५८० म्हणजे इ. स. १६५८-५९ मध्ये सुरू झाल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. पुढील काळात या संस्थानाला गावे व जमिनी इनाम मिळत गेल्या आणि देवस्थानाबरोबर एक मोठी जमीनजुमल्याची व्यवस्था उभी राहिली.

या घराण्यात सात पिढ्यांपर्यंत श्रीगणेशाचा अंश अवतरत राहील, अशी श्रद्धा होती. त्यामुळे पिढ्यांची गणना हा येथे धार्मिक महत्त्वाचा विषय होता. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने चिंचवडला भेट देऊन या परंपरेवर लिहिलेला लेख १८०१ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्रसिद्ध झाला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम यांनीही चिंचवडच्या देवांचे दर्शन घेऊन आपल्या प्रवासवर्णनात त्याची हकीकत दिली. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमधील वृत्तान्तानुसार १८१० मध्ये तत्कालीन देव निपुत्रिक वारले. इनाम खालसा होऊ नये म्हणून दूरच्या नात्यातील सखारी नावाच्या मुलास गादीवर बसविण्यात आले.

ही घटना कुलशोधाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. रक्ताची परंपरा खंडित झाली, तरी इनामाची परंपरा चालू राहिली. कागदावरील वारस हा नेहमी औरस पुत्रच असतो असे नाही. दत्तक, नात्यातून आणलेला उत्तराधिकारी किंवा केवळ वहिवाटदार अशा अनेक रूपांत तो येतो. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात देव घराणे व राज्यसत्ता यांच्या संबंधांचा सविस्तर अभ्यास केला आहे. एका घराण्याच्या कागदांतून साऱ्या प्रदेशाच्या महसुली व्यवस्थेचा इतिहास कसा उलगडतो, याचा तो नमुना होय.

४. साधनांचा क्रम : वर्तमानाकडून भूतकाळाकडे

कुलशोधाचा पहिला नियम असा की, सुरुवात ज्ञात पिढीपासून करावी आणि एकेक पायरी मागे जावे. प्रसिद्ध मूळ पुरुषापासून खाली येण्याचा मोह टाळावा, कारण त्या मार्गात मधल्या पिढ्या कल्पनेने भरल्या जातात.

(अ) मौखिक माहिती : घरातील ज्येष्ठांकडून नावे, कुलदैवत, देवक, सोयरिकीची गावे आणि शेतांची जुनी नावे लिहून घ्यावीत. ग्रामदैवताच्या यात्रेतील मान हाही एक जिवंत पुरावा असतो. वाकड व हिंजवडी यांच्या म्हातोबाच्या उत्सवात चैत्र पौर्णिमेला बगाड निघते. त्यातील गळकऱ्याचा मान परंपरेने ठरलेल्या भावकीकडे असतो. असा मान कोणत्या शाखेकडे, या प्रश्नाच्या उत्तरात अनेकदा शाखांची ज्येष्ठताही दडलेली असते.

(आ) गावदप्तर : सातबारा हा वर्तमान स्थिती दाखवितो. इतिहास सापडतो तो गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्याचा भाग बनली. तेव्हापासून खातेदार मृत झाल्यावर वारसांची नावे लागत गेली. एका फेरफारातील क्रमांकाच्या आधारे त्यापूर्वीचा फेरफार शोधता येतो. नमुना सहा-क ही वारसांची नोंदवही, तर ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची वही यांचा पडताळा जोडीने घ्यावा. जमीन एकत्रीकरणानंतर सर्व्हे क्रमांकांचे गट क्रमांक झाले असल्यास दोहोंचा मेळ घालणारा उतारा आधी मिळवावा, अन्यथा शोध भलत्याच शेतात जाऊन पोहोचतो.

(इ) इनाम व वतनाची कागदपत्रे : १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनला इनामदारांचे हक्क तपासण्याचा अधिकार मिळाला. सनद कोणी दिली, कोणास दिली आणि सध्याचा धारक त्याचा कोण, हे इनामदारास सिद्ध करावे लागे. त्यामुळे कैफियती व वंशावळी सरकारदरबारी जमा झाल्या. १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यानेही वतनदारांच्या नोंदींना शिस्त आणली. कोणत्याही गावी दुमाला जमिनींची नोंद नमुना तीनमध्ये पाहावी.

(ई) पुणे अभिलेखागार व अन्य संग्रह : पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानेही अनेक घराण्यांची दप्तरे जतन केली आहेत. सामान्य कुटुंबास येथे थेट आपले नाव सापडण्याची शक्यता कमी असते. प्रथम गाव, मग तर्फ व प्रांत, त्यानंतर वतनाचा प्रकार या क्रमाने शोध घेतल्यास यश येते.

(उ) क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या : नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्री यात्रेकरूंची नामावळी आडनाव व गाव यांनुसार जतन केलेली असते. यात्रेकरू स्वतः आपले बंधू, पुत्र, पूर्वज यांची नावे सांगत असल्याने जमीन नसलेल्या कुटुंबांनाही येथे आधार मिळू शकतो. सरकारी दप्तराबाहेरील पुरावा म्हणून या वह्यांचे मोल मोठे आहे.

५. वाचनातील अडचणी

मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही. आधी रेघ ओढून त्याखाली लेखणी न उचलता मजकूर लिहिला जाई. त्यामुळे नाव कोठे संपते व आडनाव कोठे सुरू होते, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. शिवाय अनेक कागदांत आडनावच नसते. ‘पाटील मौजे अमुक’ एवढीच ओळख असते आणि ती वतनाची असते, कुळाची नव्हे.

नात्याचे संकेत दर्शविणारे शब्द ध्यानात ठेवावे लागतात. ‘बिन’ व ‘वलद’ म्हणजे अमक्याचा पुत्र. ‘कोम’, ‘मर्द’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दांनी स्त्रीची ओळख पतीच्या नावाने दिली जाते. हक्कनोंदीतील ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर.

कालगणनेचाही घोळ होतो. शकवर्षात ७८ मिळविले की स्थूलमानाने इसवी सन मिळतो. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवावे लागतात. शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिला जाई. उदाहरणार्थ, ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर व हजार, अर्थात ११७०. त्यात ५९९ मिळविल्यास १७६९ येतात. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने तो कागद १७६९-७० मधील ठरतो.

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रीतीमुळे आणखी एक फसगत संभवते. समजा, एका कागदात ‘राणोजी बिन संताजी’ आणि साठ वर्षांनंतरच्या कागदात पुन्हा ‘राणोजी बिन संताजी’ आढळला, तर ते दोघे एकच नसून आजोबा-नातू असण्याची शक्यता अधिक. एक पिढी साधारण पंचवीस ते तीस वर्षांची धरून अंतर ताडून पाहिल्यास अशी चूक टळते.

६. गाळलेली नावे

या सर्व साधनांतील सर्वांत मोठी उणीव स्त्रियांच्या संदर्भात आहे. वतनाच्या वंशावळीत पुत्रांच्या शाखा विस्ताराने येतात. मुलीचे नाव क्वचितच येते, पत्नीचे आले तर दत्तकाच्या वा विधवेच्या हक्काच्या निमित्ताने. ‘ए.कु.मॅ.’ म्हणून थोरल्या भावाचे नाव लागले की धाकटे भाऊही उताऱ्यावरून अदृश्य होतात. बहिणींचा तर प्रश्नच उद्भवत नसे.

आजच्या कायद्यात या वगळण्याला आधार उरलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून कन्येस सहदायादाचा दर्जा दिला. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने प्राप्त होतो, त्यासाठी २००५ मध्ये पिता हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे जुन्या वंशावळीची जशीच्या तशी नक्कल करून ती आजच्या वारसनोंदीस जोडली, तर ती ऐतिहासिक दृष्ट्या अस्सल असूनही न्यायाच्या दृष्टीने अपुरी ठरते. वाकडसारख्या गावात, जेथे एका गुंठ्याच्या व्यवहारावर कुटुंबाचे भवितव्य फिरते, तेथे हे वगळणे भावंडांना न्यायालयाच्या पायरीवर आणून उभे करते.

दुसरी उणीव वतनाच्या विषम रचनेतून आली. महार वतनाच्या जमिनींची, म्हणजे वर्ग सहा-ब इनामांची, नोंद दप्तरात असल्यामुळे तत्संबंधी कुटुंबांची नावे मिळतात. परंतु ती नोंद हक्काइतकीच वेठीचीही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणास्तव. पुढे १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने आणि १९६२ च्या कायद्याने पाटीलकी रद्द झाली. या कायद्यांन्वये जमिनींचे पुनर्प्रदान करताना वारस निश्चित करावे लागले. त्या वेळचे आदेश व जबाब हे विसाव्या शतकातील वंशावळींचे महत्त्वाचे, परंतु दुर्लक्षित साधन आहे. देवस्थान इनामे मात्र या मार्गाने संपुष्टात आली नाहीत. तेथे कब्जेदार म्हणून देवाचे नाव असते आणि माणसे वहिवाटदार म्हणून येतात. अशा नोंदीवरून मालकीची नव्हे, तर सेवेची परंपरा सिद्ध होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, महाराष्ट्रात कुलशोधाची साधने विपुल असली, तरी ती हक्काच्या तंट्यांतून व महसुलाच्या गरजेतून निर्माण झाली आहेत. त्यामुळे कोणताही एक कागद अंतिम मानू नये. मौखिक माहिती, गावदप्तर, इनामाची कागदपत्रे व क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांपैकी किमान दोन स्वतंत्र साधनांचा मेळ बसल्यावरच एखादी पिढी निश्चित धरावी आणि जेथे मेळ बसत नाही तेथे जागा रिकामी सोडावी. दुसरा, चिंचवडच्या उदाहरणाप्रमाणे वारसा व रक्तसंबंध यांची गल्लत करू नये. तिसरा, मोडीचे शिक्षण हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नसून नागरिकांच्या हक्काशी जोडलेला विषय झाला आहे. महाविद्यालयांनी इतिहास व मराठी विभागांच्या संयुक्त विद्यमाने मोडीचे अभ्यासवर्ग चालविल्यास परिसरातील कुटुंबांच्या पेटाऱ्यांतील कागद वाचले जातील.

आयर्लंडने आगीत गमावलेले दप्तर विखुरलेल्या प्रतींवरून पुन्हा जुळविण्याचा प्रकल्प हाती घेऊन २०२२ मध्ये, त्या आगीच्या शताब्दीला, ते संगणकीय रूपात लोकांपुढे ठेवले. महाराष्ट्रातील दप्तर शाबूत आहे. ते वाचताना थळझाड्याच्या एका शिकवणीची आठवण ठेवणे उचित ठरेल. त्या व्यवस्थेत नाहीशा झालेल्या कुळाचेही नाव पुसले जात नव्हते. आज नव्याने लिहिल्या जाणाऱ्या वंशावळींत हयात असलेल्या लेकींची नावे तरी सुटू नयेत, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबास घेता येण्यासारखी आहे.